गिळलं तर दारू

धाराशिवात खोली शोधत मी सहा घरांच्या पायऱ्या चढलो आणि सहाही ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला, आडनाव काय? सातव्या घरी तो आला नाही. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, आत गेले आणि स्टीलच्या तीन पेल्यांत पाणी घेऊन आले. पेल्यांना चिकटपट्टीचे तुकडे लावलेले, त्यांवर एक, दोन, तीन.

"प्या," म्हणाले, "आन सांगा, कंचं गोड हाय."

उन्हातून आलो होतो. तिन्ही पेले रिकामे केले. मला काडीचा फरक कळला नाही, आणि मी तसं सांगून टाकलं. मनात म्हटलं, गेली हीपण खोली.

"सामान कवा आणताव?" ते म्हणाले.

पुढे कळलं की तिन्ही पेल्यांतलं पाणी एकाच माठातलं होतं. माझ्याआधी चारजण येऊन गेले होते आणि चौघांनीही पाण्यात बराच फरक काढला होता. एकाला तर दोन नंबरच्या पेल्यात वाळ्याचा वास आला होता. "असल्याला भाडेकरू ठिवलं तर उद्या त्याला छत गळतंय असं बी वाटंल," हे त्या गृहस्थांचं, म्हणजे काकांचं, म्हणणं. मी लोहाऱ्याहून आलेला, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारा, लिंगायत घरातला, चहाशिवाय कशालाही न शिवलेला माणूस. यातलं काहीएक त्यांनी विचारलं नाही. माझं आडनाव त्यांना चार महिन्यांनी कळलं, तेही पोस्टमनकडून.

काका पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. गावोगावचे आड, विहिरी, बोअर यांच्या पाण्याच्या बाटल्या तिथे यायच्या. बाटलीवर गावाचं नाव असायचं, वस्तीचं असायचं. काका आधी त्यावर कोरा कागद चिकटवायचे आणि दुसऱ्या कुणाकडून तरी नंबर टाकून घ्यायचे. वरिष्ठांना ही कटकट वाटे. काका ऐकत नसत. नाव वाचलं की जीभ खोटं बोलते आणि यंत्र वाचणारा डोळासुद्धा, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी एकदा सहज विचारलं, हे खूळ आलं कुठून. ते गच्चीवर ज्वारी निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सर, म्या बारका असताना गावात माज्याआदी माजं नाव पोचायचं. म्या मागनं जायचो. आडावर गेलो तर वरून वंजळीत पाणी. ते गोड होतं का मचूळ, कुणी इचारलं न्हाय. म्या कसा हाय हे बी कुणी बगितलं न्हाय. नाव बगितलं, झालं." मग सुपातला एक खडा बोटांनी उचलून लांब फेकला. "म्हणून म्या पयलं नाव झाकतो. मग बगतो."

एवढंच बोलले. पुन्हा कधी हा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

पण झाकायचं खूळ मात्र घरात सगळीकडे पसरलेलं होतं. भूमकडचा खवा आणला की तीन दुकानांतला आणायचा, सारख्या वाट्यांत ठेवायचा, काकूंनी नंबर टाकायचे. गूळ, शेंगदाण्याचं तेल, लोणचं, काही सुटत नसे. काकू कपाळाला हात लावत, पण चिकटपट्टी त्यांच्याच कमरेच्या पिशवीत असे.

बसस्थानकासमोर चहाचे दोन गाडे होते. काका वीस वर्षं डावीकडच्या गाड्यावर चहा पीत. एके दिवशी त्यांच्या मनात आलं की आपण ह्याच गाड्यावर का जातो, चवीमुळे की सवयीमुळे? झालं. अकरा दिवस मी दोन थर्मास घेऊन सकाळी बसस्थानकावर. घरी आल्यावर काका डोळ्यांना मफलर बांधून बसलेले. मी दोन कप पुढे करायचे, त्यांनी निकाल सांगायचा. अकरापैकी नऊ दिवस उजवीकडचा गाडा जिंकला.

बाराव्या दिवशी काका पुन्हा डावीकडच्याच गाड्यावर. मी चकित होऊन बघत राहिलो.

"काका, निकाल तर उजवीकडचा लागला."

"लागला की. त्याला सांगून बी आलो, तुजा चहा भारी हाय म्हणून. पर ह्यानं माज्या बापाच्या मयताला गाडा बंद ठिवला होता." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "सर, निकाल निकालाच्या जागी, माणूस माणसाच्या जागी."

मला तेव्हा हा शुद्ध हट्टीपणा वाटला होता.

काकांना एकच मुलगी. मी तिला ताई म्हणायचो, फोटोतूनच. शिकून अमेरिकेला गेलेली, तिथे औषधांच्या प्रयोगशाळेत. काका अभिमानाने सांगायचे, "ती बी नमुनेच तपासती." दर रविवारी फोन. मी राहायला आल्यावर वर्षभराने एका रविवारी तो फोन लवकर संपला आणि त्यानंतर काका फोनजवळ फिरकले नाहीत. काकू गच्चीवर येऊन मुलीशी हळू आवाजात बोलत. माझी खोली गच्चीलाच लागून असल्याने प्रकरण मला आपसूक कळलं. ताईने औषधांची नोकरी दोन वर्षांपूर्वीच सोडली होती. ती व्हिस्की करणाऱ्या एका लहानशा भट्टीत रसायनतज्ज्ञ म्हणून लागली होती, आणि ही गोष्ट तिने दोन वर्षं घरी लपवली होती.

काकांचे वडील दारूने गेले होते. घरात बुद्धवंदना, पौर्णिमेला विहार, आणि पंचशीलातलं दारू न पिण्याचं पाचवं शील काकू इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणत. त्या घरची लेक दारू गाळते, हे काकांच्या घशाखाली उतरेना. त्याहून जास्त लागलं होतं ते लपवणं.

"दोन साल," मला म्हणाले, "दोन साल ती मला लॅबमदलं सांगायली, आन म्या ऐकायलो."

काकू आतून म्हणाल्या, "नाव झाकायला तुमीच शिकवलं तिला."

असे दहा महिने गेले. माणूस वरून धट्टाकट्टा, खव्याला नंबर, तेलाला नंबर, सगळं चालू. पण रविवारी सकाळी ते उगाच सायकल काढून येडशीपर्यंत जाऊन येत. फोनची वेळ टळली की परतत. मला त्यांची दया येई आणि रागही.

मग ताईची एक मैत्रीण भावाच्या लग्नाला इकडे आली आणि एक खोकं देऊन गेली. आत लहान मुलांचे मोजे, आणि चार मोज्यांत चार बारक्या बाटल्या. सोबत चिठ्ठी. काकांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली, चष्मा डोळ्यांवर असूनसुद्धा.

"पप्पा, ह्या चारही अमेरिकन सिंगल माल्ट आहेत. म्हणजे मका नाही, गहू नाही, नुसते सातू. मटकीला आणतो तसे सातूला मोड आणायचे, वाळवायचे, आणि सगळं एकाच भट्टीत करायचं, मग लाकडी पिंपात ठेवायचं. तीन बाटल्या दुसऱ्यांच्या आहेत, एक मी केलेली आहे. दारू म्हणून बघू नका, नमुना म्हणून बघा. नेहमीसारखं नाव झाकून, तीन रविवार. माझी बाटली एकूणात शेवटी आली तर मी हे काम सोडून परत औषधांकडे जाते, तुमच्या मनासारखं. शेवटी नाही आली तर तुम्ही माझ्याशी बोलायचं."

काकू पदराने खोक्यावरची नसलेली धूळ पुसत होत्या.

"पाचवं शील हाय म्हणलं," त्या शेवटी म्हणाल्या.

काकांनी एक बाटली उजेडात धरली. दहा महिन्यांत मी त्यांच्या चेहऱ्यावर ते कुतूहल पाहिलं नव्हतं. "गिळलं तर दारू," ते म्हणाले, "थुंकलं तर नमुना. बादली आण."

वाट्या कुणी भरायच्या यावर चर्चा झालीच नाही. न पिणारा, नाकाने मंद आणि एकदा खरं बोललेला असा माणूस घरात एकच होता. कुठल्या नंबरच्या वाटीत कुठली बाटली याची चिठ्ठी मी करायची, खिशात ठेवायची आणि तीन रविवार संपेपर्यंत कुणालाही दाखवायची नाही. काका वहीत फक्त वाटीचा नंबर आणि शेरा लिहिणार. प्रत्येक रविवारी मी नंबर बदलणार.

वेळ सकाळी दहाची, कारण जीभ सकाळी खरं बोलते. मधे तोंड साफ करायला शिळ्या भाकरीचा तुकडा आणि पाणी. व्हिस्कीत घालायलाही दोन थेंब पाणी लागतं असं काकांनी कुठून तरी वाचलं, आणि पाण्याच्या बाबतीत ते कुणाला ऐकणार? येडशीच्या रामलिंग देवळाच्या बाजूने मला मोटारसायकलवर कॅन भरून आणावा लागला.

तर पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता, पुढचं दार उघडं, काका मफलर बांधून सतरंजीवर, समोर चार वाट्या, बाजूला बादली, मी चमचा घेऊन, आणि सगळ्या गल्लीत व्हिस्कीचा घमघमाट. दूधवाला दारात आला, पातेलं भरलं, एकदा काकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि न बोलता गेला. बुधवारी कॉलेजात प्राचार्यांनी मला बोलावून तब्येतीची चौकशी केली. शुक्रवारी लोहाऱ्याहून आईचा फोन. "येनप्पा," ती नेहमीच्या कानडी हाकेने म्हणाली, "तू बी सुरू केलास म्हणं. तेबी सकाळच्याला." मी म्हणालो, आई, आम्ही ती थुंकतो. तिचा विश्वास बसला नाही, आणि तिच्या जागी माझाही बसला नसता.

काका मात्र कामात बुडालेले. वाटी एका नाकपुडीखाली धरायची, मग दुसऱ्या नाकपुडीखाली, मग एक चमचा तोंडात, गाल फुगवून इकडून तिकडे, आणि बादलीत. त्यांचे शेरे परदेशी पुस्तकातले नव्हते. "एक नंबर, पिकल्याली केळी, आन खाली काकवी. चांगली हाय." "दोन नंबर, नव्या फर्निचरच्या दुकानात गेल्यागत, लाकूडच लाकूड." "तीन, फुटाणे आन खजूर. ही लई भारी." चौथी वाटी नाकाजवळ नेली आणि ते थांबले. पुन्हा वास घेतला. "वेड्या बाभळीचं जळण," म्हणाले. "तितं कुटून आली वेडी बाभळ?"

मी बाटलीवरचं वाचलेलं होतं, म्हणून गप्प बसलो. तिकडच्या वाळवंटी भागात वेड्या बाभळीचीच सख्खी बहीण उगवते आणि तिच्या धुरावर सातू वाळवतात. ती बाटली ताईची होती.

चमचा तोंडात, बादलीत, आणि मग काकांनी तोंड वाकडं केलं. "धूर घशाला लागायलाय. कडू. जळण वल्लं व्हतं. चार नंबर शेवटी."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. काका म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, चमचा पडला.

दुसऱ्या रविवारी मी नंबर उलटसुलट केले. धुराची वाटी पहिलीच आली. काकांनी ती बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त वेळ नाकाशी धरली, तीनदा धरली, आणि पुन्हा शेवटचाच क्रमांक दिला. वहीत लिहिलं, जळण ओलं.

त्या संध्याकाळी काकू गच्चीवर आल्या. वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या, पण दोरीवर कपडे नव्हते. "सर, तिची शेवटी यायली न्हवं?" मी मान दुसरीकडे वळवली. माझं तोंड हे उघड्या वहीसारखं आहे, हे वर्गातल्या पोरांनाही माहीत आहे.

"पोरगी तितं सुखात हाय," काकू म्हणाल्या. "सबद दिलाय तिनं, ती पाळणार. बापावर गेलीय. ह्यांचा हट ऱ्हाणार, तिचं काम न्हाय ऱ्हाणार, आन मग ह्येच रातभर कूस बदलत बसत्याल. कायतरी करा की वो. तुमी गणिताचे हाव."

गणिताचा होतो, म्हणून तीन दिवस विचार केला. ताईची वाटी पहिली यायची तर काय करावं लागेल? उत्तर सोपं निघालं. चारही वाट्यांत ताईचीच ओतायची. कुठलीही पहिली आली तरी ती तिचीच. या हिशोबाने मी इतका खूश झालो की चारही तिच्याच असतील तर शेवटचीही तिचीच असणार, हे गणिताच्या मास्तराच्या डोक्यात आलंच नाही. काकूंना सांगितलं तर त्यांनाही पटलं. त्यांनी मला त्या दिवशी पुरणाची पोळी वाढली.

तिसरा रविवार. काकांनी मफलर बांधला. पहिली वाटी, वास, चमचा, बादली. दुसरी वाटी, वास, चमचा, बादली. तिसरी वाटी नाकाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. चौथीचा फक्त वास घेतला. मग मफलर सोडला, घडी केली, मांडीवर ठेवला.

"सर," ते म्हणाले, "आमचाच माठ आमालाच दावताव व्हय?"

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"चारीमदी एकच हाय. धुराची." ते चिडले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. हळूहळू, एकेक पायरी उतरल्यासारखं बोलत होते. "तुमी खोटं बोलणारं माणूस न्हाय. कुणासाठी तरी केलाव. मंजे ही तिची हाय." वही ओढून मागची दोन पानं बघितली. "आन म्या दोनदा शेवटी टाकली."

"काका, चूक माझी. हा रविवार धरू नका."

"धरायचा परश्नच न्हाय. नाव कळलं. नमुना फुटला."

पैज ते जिंकले होते. ताई परत औषधांकडे जाणार होती, त्यांच्या मनासारखं. आपलं म्हणणं खरं झालेला माणूस इतका पडलेला मी कधी पाहिला नाही. त्यांनी चौथी वाटी उचलली. या वेळी मफलर नव्हता. डोळे मात्र त्यांनी आपणहून मिटले. वास घेतला, वाटी तोंडाला लावली, आणि आम्ही दोघं सवयीने बादलीकडे बघायला लागलो.

बादलीत काही पडलं नाही.

"आवं, थुका की," काकू म्हणाल्या.

"नमुना कुटं हाय आता," काका म्हणाले. "लेकीनं केल्याली हाय." मग थोड्या वेळाने, "मायच्या चुलीम्होरं बसल्यागत वाटलं. ती बी पावसाळ्यात वल्लीच बाभळ जाळायची. डोळं चुरचुरायचं. आपून तिच्या आंगाला चिटकून."

काकूंनी न सांगता फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या हातात दिला. तिकडे शनिवारची रात्र होती. ताई जागीच असावी. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"पप्पा?"

दहा महिन्यांनी बोलायचं म्हटल्यावर माणूस कसा आहेस म्हणेल, जेवलीस का म्हणेल. काका म्हणाले, "शेवटचा नंबर आला तुजा. दोन्ही टाइमाला. जळण वल्लं व्हतं."

मग ताईचा बारीक आवाज आला. "मी लागले त्या पहिल्याच महिन्यातलं आहे ते, पप्पा. त्या आठवड्यात पाऊस झाला होता. लाकूड झाकायचं राहिलं. इथे आजपर्यंत कुणाला ते कळलं नाही." मग म्हणाली, "ठीक आहे. ठरलं तसं. मी सोमवारी सांगते त्यांना."

"काय सांगतीस?"

"सोडते म्हणून."

"शेवटचा नंबर आला म्हणून शाळा सोडत्यात व्हय?" काका एकदम गरजले, आणि मला हायसं वाटलं, कारण हा आवाज ओळखीचा होता. "निकाल निकालाच्या जागी. जळण वाळीव, वरून ताडपत्री टाक, आन पुढच्या साली परत पाठीव. आन ह्याच्यापुडं नाव बापापासून झाकायचं न्हाय. कळालं का?"

पलीकडून रडू आणि हसू एकदमच आलं. काकूंनी फोन हिसकावून घेतला आणि गच्चीवर गेल्या, आता मोठ्या आवाजात बोलायला. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

मी वाट्या गोळा करत विचारलं, "काका, खोली कधी खाली करू?"

"आन पुढल्या साली वाट्या कोण भरंल?" ते म्हणाले.

पुढल्या वर्षी खोकं आलं. मोजे, चार बाटल्या, आणि चिठ्ठीत दोनच शब्द, जळण वाळवलं. मी तीन रविवार इमानदारीत वाट्या भरल्या. काकांनी तिन्ही रविवारी चारही चमचे बादलीत थुंकले, एक थेंबसुद्धा इकडचा तिकडे नाही. चिठ्ठी उघडली तेव्हा ताई तिसरी आली होती. काकांनी फोनवर निकाल सांगितला, वर चाललीस म्हणाले, आणि पहिली आलेली कुणाची आहे ते विचारून त्यांच्याकडे जाऊन शिकून ये अशी आज्ञा केली.

मग वही मिटली, मफलरची घडी घातली आणि ताईची वाटी हळूच जवळ ओढली. निकाल लागला की तो नमुना राहत नाही. काकूंना नेमकं त्याच वेळी आत जाऊन दूध बघावं लागतं. गॅसवर दूध नसतं.